तीनशे नव्वद आशीर्वाद आणि दाराची चौकट

वॉशरदादांना त्यांच्या आईनं पवित्र शास्त्रातलं एक चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर उरलंय. नळ गळो, टाकी वाहो, फ्लश अडको, दादा वाकून बघणार, गुडघ्यावर हात टेकून उठणार आणि एकच निदान सांगणार, "वॉशर गेलाय." पंचवीस वर्षं हेच चाललंय. एकदा घंटाकाकांनी त्यांच्यापाशी गुडघेदुखीची तक्रार केली. घंटाकाका म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे आणि झाडूपासून वेदीवरच्या कापडापर्यंत सगळ्यावर डोळा ठेवणारे आमचे वडीलधारे. दादा सवयीनं म्हणाले, "वॉशर गेला असेल." डॉक्टरांनी नंतर जवळजवळ तेच सांगितलं, फक्त जरा लांबलचक शब्दांत. तेव्हापासून दादांचं नाव पक्कं झालं.

माणूस कामाला चोख, मनानं सरळ, पण कुरकुऱ्या. ऊन पडलं की यांचं डोकं तापणार, ढग आले की यांचे गुडघे ठणकणार, आणि हवा अगदी छान असली तर "हे काही फार दिवस टिकायचं नाही" म्हणून सुस्कारा सोडणार. अशा माणसाबरोबर सव्वीस वर्षं संसार करणारी बाई एक तर संत असते नाही तर बहिरी. वहिनी दोन्ही नव्हत्या. त्या घरी शिवणयंत्रावर पडदे शिवत, यंत्र थांबवून दादांच्या गिऱ्हाइकांचे फोन घेत, आणि दादा जे जे विसरून जात ते ते मागाहून पोचवत. दादा बायकोला नावानं हाक मारत नसत. समोर असली की "अगं", आणि चारचौघांत "आमची ही", तेही घाईत असले की नुसतंच "ही". ही म्हणजे कोण, असं आजवर कुणाला विचारावं लागलेलं नाही.

तर झालं काय, पाळकसाहेबांनी चाळीस दिवसांची उपकारस्तुती जाहीर केली. घरटी एक निळी वही. रोज दहा आशीर्वाद लिहायचे. चाळीस दिवस संपले की रविवारी वह्या वेदीपुढच्या टेबलावर ठेवायच्या, आणि त्यातली एक पाळकसाहेब सगळ्यांसमोर वाचणार. "आणि हो," ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "एकदा लिहिलेला आशीर्वाद पुन्हा लिहायचा नाही. नाही तर तुम्ही हवा, पाणी, अन्न लिहून चाळीस दिवस मोकळे व्हाल. मी तुम्हाला ओळखून आहे."

वही घरी आली तेव्हा वहिनींनी ती सरळ दादांपुढं सरकवली. "तुम्हीच लिहा. कुरकुर तुमची, औषधही तुम्हीच घ्या."

दादांनी मात्र पाळकसाहेबांकडून एक नाही, दोन वह्या आणल्या होत्या. फुकट ते पौष्टिक. त्यांची कामाची वही नेमकी तेव्हाच भरली होती. या कामाच्या वहीचंही एक शास्त्र होतं. दादा शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काम बरोबर झालं ते लिहू नकोस, ते लोक सांगतील. चुकलं ते लिही. ते फक्त तुला ठाऊक असतं." तेव्हापासून दादा रोज आपल्या चुका लिहीत. आता माणूस आपली चूक लिहायला बसला की दुसऱ्यांच्या चार आपोआप उतरतात, त्यामुळे वहीत गिऱ्हाइकांचाही उद्धार असे. पण ती वही कोण बघतंय? दोन्ही निळ्या वह्या फ्रीजवर शेजारी शेजारी राहू लागल्या. इथंच पाणी मुरलं.

पहिल्या संध्याकाळी दादा जेवणाच्या टेबलापाशी आशीर्वाद लिहायला बसले. वहिनींनी न मागता चहाचा कप समोर ठेवला. दादांच्या मनात पहिला आशीर्वाद आला तो अर्थातच ही. पेन कागदाला टेकलंही होतं. पण दादांना लहानपणापासून एक खोड, आवडीचा घास शेवटी खायचा. थोरला भाऊ तो घास हमखास पळवायचा, दादा रडायचे, तरी खोड काही गेली नाही. दादांनी विचार केला, पुन्हा लिहायचं नाही असा नियम आहे. मग पहिल्याच दिवशी हिला लिहून टाकलं तर पुढं उरलं काय? हिला शेवटच्या दिवशी लिहू. चाळिसावं पान अख्खं हिचं. स्वतःच्या या हुशारीवर खूश होऊन त्यांनी लिहिलं, "१. डोळे."

दोन डोळे, दोन हात, डोक्यावर छप्पर, पायात बूट असं करत पहिला आठवडा सुखात गेला. दुसऱ्या आठवड्यात शरीराचे अवयव संपले. तिसऱ्या आठवड्यात दादा घरभर आशीर्वाद हुडकत फिरू लागले. वहीत अशा नोंदी दिसू लागल्या: "आज शेजाऱ्यांचा कुत्रा दुसऱ्यावर भुंकला." "प्रवचन लहान होतं." "डाव्या पायाचा मोजा सापडला." दुसऱ्या दिवशी, "उजव्या पायाचा मोजा सापडला." उजवा मोजा हा वेगळा आशीर्वाद धरायचा की डाव्याचीच पुनरावृत्ती, हे विचारायला दादांनी पाळकसाहेबांना फोन केला. पाळकसाहेबांनी प्रश्न दोनदा विचारून घेतला. मग पाळकसाहेब म्हणाले की मोजे वेगळे धरायला हरकत नाही. आणि एकतिसाव्या दिवशी, वहिनी बाजारात गेलेल्या असताना, "पाठीला खाज सुटली, तेव्हा दाराची चौकट होती."

हसू नका. या हुडकाहुडकीत दादांचं काहीतरी बदललं होतं. ऊन पडलं की आता ते आधी बघत, की यातून काही लिहिण्याजोगं निघतं का. कुरकुर निम्म्यावर आली. वहिनींनी शिवणयंत्र थांबवून दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना म्हणून.

"काय लिहिता हो एवढं?" त्या रोज चहा ठेवताना विचारत.

"शेवटी कळेल," दादा म्हणत आणि वही हातानं झाकत.

आता तुम्हीच सांगा, बायकोपासून वही झाकायची आणि वर "शेवटी कळेल" म्हणायचं. बाईमाणसानं काय समजायचं? वहिनींनी समजायचं तेच समजलं. चाळीस दिवस त्यांनी चहा नेमानं ठेवला, आणि शेवटच्या आठवड्यात तर बरोबर बिस्किटंही.

चाळिसावा दिवस शनिवार. दुपारी घंटाकाकांचा फोन आला, चर्चमागच्या स्वयंपाकघरातला पाइप फुटलाय, आणि तिथं सध्या चमचे पोहतायत. दादा धावले. अंधार पडायला घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत भिजून. डोळे मिटूनच जेवले आणि खुर्चीतच झोपले. चाळिसावं पान कोरं राहिलं.

रविवारी सकाळी दादांना उपासनेच्या आधी जाऊन कालचा जोड तपासायचा होता. त्यांनी घाईघाईत फ्रीजवरची निळी वही उचलली, पिशवीत कोंबली आणि गेले. चाळिसावं पान तिथंच बसून लिहू, असा त्यांचा बेत होता. पण जोड पुन्हा ठिबकत होता. त्यात वेळ गेला, तेवढ्यात घंटा झाली, घंटाकाकांनी "वह्या ठेवा, वह्या ठेवा" असा धोशा लावला आणि दादांनी ओल्या हातानं वही न उघडताच टेबलावर ठेवून दिली.

इकडं वहिनी निघताना बघतात तो फ्रीजवर निळी वही. विसरले वाटतं, नेहमीप्रमाणे. त्यांनी ती उचलली. बस यायला अवकाश होता. वही उघडू नये असं त्यांना वाटलं, पण वाटेपर्यंत ती उघडलीही होती. वहिनींनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मग शेवटाकडून पहिल्यापर्यंत, काही निसटलं असेल म्हणून.

चर्चच्या दारात दादा हात पुसत उभे होते. वहिनींनी वही त्यांच्या हातात दिली.

"तीनशे नव्वद आशीर्वाद आहेत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "मी मोजले. दोन्ही मोजे आहेत, कुत्रा आहे, दाराची चौकट आहे. मी नाही."

"अगं, ऐक, तुला मी शेवटी..."

"शेवटचं पान कोरं आहे. तेही बघितलं." वहिनींनी पदर सारखा केला. "उपासना झाली की मी ताईकडे जाते. कधी येईन ते कळवीन. तुमच्या पिशवीत कोरडं फडकं ठेवलंय, हात पुसा नीट." आणि त्या आत गेल्या. दोघांचा नेहमीचा बाक खिडकीजवळचा, चौथा. वहिनी जाऊन बसल्या तिसऱ्यावर, दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध, जिथं तिसऱ्या माणसाला शिरायला जागा नसते.

दादा दारातच राहिले. सव्वीस वर्षांत ही कितीदा तरी चिडली होती, भांडली होती, एकदा लाटणंही उगारलं होतं. पण कधी येईन ते कळवीन, असं कधी म्हणाली नव्हती. दादा हातातल्या वहीकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या डोक्यात हळूच उजेड पडला. आशीर्वादांची वही जर इथं आहे, तर तिकडं टेबलावर काय आहे?

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. चुकांच्या वहीत समोर बसलेली अर्धी मंडळी होती, आणि कुणाबद्दलही चांगलं लिहिलेलं दादांना आठवेना.

ते टेबलाकडे गेले. घंटाकाका आडवे आले. "वेदीपुढं ठेवलेलं परत घ्यायचं नसतं, दादा. ते देवाचं झालं."

"काका, ती वही देवाची नाही. ती गायनबाईंच्या सिंकची आहे."

"मनापासून ठेवलेलं सगळं देवाचंच," काका म्हणाले. दादा परत फिरले. पहिल्या गीताला मंडळी उभी राहिली, तशी ते पाना घेऊन पुन्हा गेले आणि टेबलाखाली वाकले.

"काय करताय?" काका कुजबुजले.

"पाइप बघतोय."

"टेबलाखाली पाइप नाही."

"म्हणूनच बघतोय," दादा म्हणाले. पण घंटाकाकांनी चाळीस वर्षं दोर ओढलेला हात त्यांच्या दंडावर ठेवला आणि त्यांना चौथ्या बाकापर्यंत पोचवलं. दादा एकटेच बसले. समोर तिसऱ्या बाकावर वहिनींची पाठ दिसत होती, आणि ती पाठ काही वळत नव्हती.

गीत संपलं. पाळकसाहेबांनी वह्यांवरून नजर फिरवली. सगळ्या कशा कोऱ्या करकरीत, कव्हरं घातलेल्या. एकच मळलेली, तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली. "जी वही सगळ्यांत जास्त मळली, तिच्यावर सगळ्यांत जास्त कष्ट झाले," ते म्हणाले आणि त्यांनी तीच उचलली. दादांनी डोळे मिटून जी प्रार्थना केली ती इथं सांगण्यासारखी नाही. छतातून पाणी गळावं, अशी काहीशी होती.

"मंगळवार," पाळकसाहेबांनी प्रसन्न आवाजात सुरुवात केली. "गायनबाईंकडे सिंक तुंबलं. आत केस, चहाची पूड आणि एक चमचा. बाई म्हणतात चमचा आमचा नाही. म्हणजे तो नळातून आला असणार."

गायनबाई म्हणजे आमच्या गायकवृंदाच्या प्रमुख. त्यांनी गीताचं पुस्तक तोंडापुढं धरलं. पाळकसाहेब जरा थबकले, पण एकदा सगळ्यांसमोर उचललेली वही मध्येच कशी ठेवणार? ते वाचत राहिले. "चूक माझी, लांब तार घरी विसरलो. ही बसनं घेऊन आली, चार जिने चढली, चमचा बघून हसली. मग माझाही राग गेला."

हशा पिकला. दादा बाकाखाली जाता येईल का ते बघत होते.

"गुरुवार. पाळकसाहेबांचा नळ." इथं पाळकसाहेबांचा आवाज उतरला. "तिसऱ्यांदा. पान्याला हात लावू नका म्हणून दोनदा सांगितलं. लावला. प्रभू त्यांना क्षमा करो, मला आज जमणार नाही. चूक माझी, पाना कुठं मिळतो ते मीच त्यांना सांगितलं होतं. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, पाळकांनाही वाटत असेल हो, आपल्या हातानं एखादी गोष्ट दुरुस्त व्हावी. उद्या जाऊन पुन्हा बसवून देईन."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पुढचं पान उलटलं.

"शनिवार. घंटाकाकांचा फ्लश. पाणी कुठून येतंय कळेना. हिला फोन लावला आणि फोन टाकीजवळ धरला. ही आवाज ऐकून म्हणाली, फ्लोट अडकलाय. तसंच निघालं. चूक माझी." पाळकसाहेबांनी पुढची ओळ आधी मनात वाचली आणि मग मोठ्यानं. "वॉशर नव्हता."

पंचवीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. घंटाकाकांनी नकळत स्वतःचा गुडघा चाचपला.

"सोमवार. मोठ्या इमारतीचं काम शुक्रवारीच हातचं गेलं. चूक माझी, बोलण्यात तोल गेला. घरी सांगितलं नाही. हिनं विचारलं नाही. आज डब्यात नेहमीपेक्षा जास्त होतं आणि पिशवीत कोरडे मोजे. म्हणजे हिला कळलं होतं."

आता कुणी हसत नव्हतं. पाळकसाहेब पानं उलटत गेले. मधूनच ओठ हलत होते, वाचत नव्हते, मोजत होते. शेवटी त्यांनी वर बघितलं. "दादा, प्रत्येक पानावर 'ही' आहे. पण हे आशीर्वाद कुठल्या हिशेबानं लिहिलेत ते मला कळेना."

दादा उभे राहिले. हातातलं फडकं पिळत म्हणाले, "पाळकसाहेब, वही बदलली. ती आशीर्वादांची नाही, माझ्या चुकांची आहे. मी जिथं जिथं चुकलो, तिथं तिथं ही आली, म्हणून ही तिथं लिहिली गेली. आशीर्वादांच्या वहीत हिला मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. काल पाइप फुटला आणि राहून गेलं." मग तिसऱ्या बाकाकडे बघत, "तीसुद्धा चूक माझीच."

तिसऱ्या बाकावरची पाठ हलली नाही. पण एका म्हातारीनं पिशवीतून रुमाल काढून शेजारी दिला, एवढं दादांना दिसलं.

तेवढ्यात गायनबाई उठल्या. "चमचा आमचाच होता," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

पाळकसाहेबांनी वही मिटली. "प्रवचन झालं," ते म्हणाले. "काखेत कळसा नि गावाला वळसा घालणारे आणखी किती आहेत इथं, ते घरी जाऊन आपापलं बघा." उपासना वीस मिनिटं आधी सुटली. वह्या आधीच जमा झाल्या नसत्या तर निम्म्या मंडळींनी हा आशीर्वाद लगेच लिहून टाकला असता.

वहिनी बसथांब्यावर उभ्या होत्या. दादा त्यांच्यापासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले, आणखी जवळ जायचा धीर होईना. ताईकडे जाणारी बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरनं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी बसकडे बघितलं, मग दादांच्या पायांकडे. काल भिजलेले तेच मोजे त्यांनी आजही घातले होते.

"जा तुम्ही," वहिनी ड्रायव्हरला म्हणाल्या. बस गेली. मग समोर बघतच त्या दादांना म्हणाल्या, "लहानपणची खोड, आवडीचा घास शेवटी. आणि तोवर समोरच्याची भूक मेली तर?"

"चुकलं," दादा म्हणाले.

"ते आता सगळ्या मंडळीला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. दादांनी तेवढ्यात दोन हातांचं अंतर एका हातावर आणलं.

घरी आल्यावर दादा कोरडे मोजे घालून टेबलापाशी बसले. चाळिसावं पान उघडलं. वहिनी समोर बसून पडद्याला हातशिलाई घालत होत्या आणि न बघता बघत होत्या. "१. ही," दादांनी लिहिलं. पुढं हिचा फोनवरचा कान, हिचे चार जिने, हिचं न विचारणं. सहाव्याला वहिनींनी वही ओढून घेतली.

"दोन नि सहा एकच झालं. पुन्हा लिहायचं नाही असा नियम आहे."

"वेगळं आहे. मोज्यांसारखं."

सहावा खोडून नवा लिहिला. सात, आठ, नऊ झाले. दहावा काही केल्या सुचेना. दादांनी पेन चावलं, छताकडे बघितलं, आणि सवयीनं उठून दाराकडे निघाले. पाठीला खाज सुटली होती.

"बसा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सुई पडद्यात खोचून ठेवली आणि मागं येऊन उभ्या राहिल्या. "कुठं?"

"जरा वर. डावीकडे. हां, तिथंच."

"चौकटीपेक्षा बरं?"

दादांनी पेन उचललं आणि दहाव्या आकड्यापुढं लिहिलं, "एकतिसाव्या दिवसाची चौकट खोडावी. चूक माझी."